मेट्रोत क्रू कंट्रोलर म्हणून निवड झाली आहे. रोजच्या गाड्या आणि स्टाफ सांभाळायला कोणतं सॉफ्टवेअर, कोणती पद्धत चांगली?

सॉफ्टवेअर ट्रेनिंगमध्ये शिकवतील, त्याची काळजी करू नका. मी मुंबईत लोकलच्या मोटरमन लॉबीत, म्हणजे मोटरमन जिथे हजेरी लावून ड्युटी घेतात तिथे, ११ वर्षं काढली, त्यातली शेवटची ७ कंट्रोलरच्या खुर्चीत. रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, उभा, सिग्नल मिळालेला आणि गाडी न्यायला माणूस नाही, हे किती वेळा पाहिलं त्याचा हिशेब ठेवला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एकच, स्पेअर. प्रत्येक पाळीला काही माणसं काम न देता लॉबीत बसवून ठेवायची. वरच्यांना ती चहा पिताना दिसतात आणि त्यांचं डोकं फिरतं. आमच्याकडे एक साहेब आले, त्यांनी सकाळचे ६ स्पेअर २ वर आणले. कागदावर ४ माणसं वाचली, साहेबांचं कौतुक झालं.

मग जुलै आला. पहाटेपासून पाऊस, रुळांत पाणी. रुळावर गाडी आहे का ते ओळखणारं ट्रॅक सर्किट गेलं की सिग्नल लाल, आणि ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला की दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून मग रांगत पुढे जायचं. एखाद्या सिग्नलला ठीक आहे. ओळीने सगळेच लाल लागले की गाडीला गाडी चिकटते, सव्वा तासाच्या फेरीला ५ तास लागतात, आणि लिंक, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, कितीही सुंदर आखलेली असो, मोटरमनचे तास वाटेतच संपतात.

असा एक मोटरमन दुपारी ३ वाजता लॉबीत आला. अख्खी लॉबी त्याला मामा म्हणायची. साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजेरी, पहाटे साडेचारचं. ५ तास एकाच कॅबमध्ये, तिथे संडास नसतो हे सांगायला नको. बूट काढून त्याने ओले मोजे वर्तमानपत्रावर पसरले. सोडलं की गाडी थांबते ते डेडमॅनचं हँडल दाबून धरून तळव्यावर लाल वळ उठला होता. रजिस्टर पुढे केलं तर साइन ऑफची वेळ त्याने साइन ऑनच्या रकान्यात लिहिली. खोडली, आणि परत त्याच रकान्यात लिहिली. २८ वर्षं नोकरी झालेला माणूस. मला तेवढं पुरलं.

त्याच साहेबांचा फोन आलाच. "लॉबीत बसलाय ना कोणीतरी? डाउन फास्ट लोकल काढा."

"साहेब, त्याचे तास संपलेत."

"फलाटावर हजारो लोक उभे आहेत आणि तुम्ही एकाची झोप बघताय?"

मी गाडी रद्द लिहिली. अनाउन्समेंट झाली तशी माणसं लॉबीच्या खिडकीशी आली, आईबहिणीवरून ऐकून घेतलं. त्यांचा राग बरोबरच होता, सकाळपासून भिजत होती बिचारी. आठवड्याने मला स्पष्टीकरणाचं पत्र आलं, पुढे वर्षाचं इन्क्रिमेंट थांबलं. मामाने माझ्यासाठी घरून पुरणपोळ्या आणल्या, त्या साहेबांना कोणी आणल्याचं ऐकलं नाही.

ते साहेबही आता रिटायर झालेत. परवा एका लग्नात पंगतीला शेजारी आले आणि अजून म्हणतात, "त्या दिवशी गाडी निघाली असती." निघाली असती हो. मी फक्त विचारलं, ४ स्पेअर जागेवर असते तर हा वाद झाला असता का? त्यावर त्यांनी मठ्ठा मागवला.

तर पाळीला बसताना आधी स्पेअर मोजा, मग गाड्या. ब्रेथलायझर मशीन करेल, डोळे तुम्ही बघा. कोण डोंबिवलीहून येतो, कोण विरारहून, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे पाठ पाहिजे. कोणी तोंडावर "नाही जमणार" म्हणाला तर त्याला कामचुकार समजू नका. खरा कामचुकार आधी फोन बंद करतो.

आता हेही सांगायला हवं की मेट्रोत माझं सगळं लागू पडणार नाही. मार्ग छोटे, गाडी बरीचशी आपोआप चालते, आणि काही ठिकाणी शेवटच्या स्टेशनात पुढच्या टोकाला दुसरा ऑपरेटर, म्हणजे गाडी चालवणारा, आधीच उभा ठेवतात. आणि मीही काही संत नव्हतो, माझ्या मर्जीतल्यांना सोप्या लिंक मिळायच्या, असं बोलणारे तेव्हाही होते आणि अगदीच खोटं बोलत नव्हते.

पहिल्या दिवशी रजेचं रजिस्टर मागून घ्या आणि गेल्या वर्षीचे गणपतीचे दिवस उघडा. कोकणातली किती माणसं आहेत ते तिथेच कळेल. या वर्षीचे अर्ज आत्तापासून घ्यायला लागा.