जामीन राहू द्या, आधी निवेदन द्या

प्रश्न : मी नागपुरात पाचपावलीत राहते. धाकट्या भावावर मारामारीच्या दोन केसेस आहेत, दोन्हींत जामीन झालेला आहे. 9 दिवसांपूर्वी पोलीस आयुक्तांनी त्याच्यावर एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवाया रोखण्याचा राज्याचा कायदा, लावला आणि त्याच दिवशी त्याला वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात नेलं. कोर्टापुढे उभंच केलं नाही. सगळे म्हणतात, जामिनाचा अर्ज टाका. त्याला मिळालेल्या कागदांतली काही पानं वाचताच येत नाहीत, पान 41 तर पूर्ण काळं आहे. काय करू?

उत्तर : ताई, जामिनाच्या मागे लागू नका, त्यात हातातले दिवस जातील. एमपीडीएत तुमच्या भावावर नवा गुन्हा दाखल झालेला नाही. तो पुढे काहीतरी करील या अंदाजावर त्याला स्थानबद्ध केलंय, म्हणून इथे जामीनच नसतो. 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा नियमही संविधानाच्या अनुच्छेद 22 नेच अशा स्थानबद्धतेला लागू ठेवलेला नाही. खटल्याशिवाय माणूस 12 महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. म्हणूनच कायद्याने त्याला जे थोडं दिलंय, त्यातलं एक अक्षरही सोडायचं नाही.

ते थोडं म्हणजे अनुच्छेद 22(5) : स्थानबद्धतेची कारणं कळली पाहिजेत आणि त्याविरुद्ध लवकरात लवकर निवेदन देता आलं पाहिजे. एमपीडीएखाली कारणं 5 दिवसांत द्यावी लागतात. आयुक्तांच्या आदेशाला राज्य सरकारने 12 दिवसांत मान्यता दिली नाही, तर तो आपोआप संपतो. ही मान्यता मिळेपर्यंत आयुक्तांकडेही निवेदन देता येतं आणि ते स्थानबद्धाला सांगणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली महाराष्ट्राच्याच प्रकरणात ठरवलं. भावाला दिलेली कारणं शेवटपर्यंत वाचा. त्यात हे सांगितलेलंच नसेल, तर आदेश रद्द व्हायला तेवढं कारण पुरेसं ठरू शकतं.

तुमच्याकडे जेमतेम तीन दिवस उरलेत. मान्यता त्याआधीही येऊ शकते, म्हणून आजच लिहायला बसा.

निवेदनावर भावाची सही घेऊन ते कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवा. तेच निवेदन कुटुंबातर्फे आयुक्तालयात स्वतः नेऊन द्या, मंत्रालयात गृह विभागालाही पाठवा. आयुक्तालयात आपल्या प्रतीवर तारखेसकट आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या एका पक्षकाराचं निवेदन एका कार्यालयात कितीतरी दिवस नुसतं पडून होतं. आमच्याकडे शिक्क्याची प्रत होती, म्हणूनच तो उशीर कोर्टाला दाखवता आला. निवेदनावर विनाकारण झालेला उशीर स्थानबद्धताच बेकायदा ठरवू शकतो.

आता पान 41. ज्या कागदांवर आदेश उभा आहे, त्यांच्या वाचता येतील अशा प्रती मिळणं हा भावाचा हक्क आहे. सगळा गठ्ठा उजेडात एकेक पान करून बघा, न वाचता येणाऱ्या पानांचे आकडे लिहून काढा आणि त्याच निवेदनात त्या प्रती मागा. जामिनाचे दोन्ही आदेश गठ्ठ्यात आहेत का, हेही शोधा. ते आयुक्तांपुढे ठेवलेच नसतील, तर कोर्टाने कोणत्या अटींवर सोडलं हे न बघताच त्यांनी निर्णय घेतला, असं म्हणता येतं. शिवाय दोन माणसांमधली मारामारी म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात आली असं नव्हे. एमपीडीए त्यासाठीच आहे, नेहमीच्या गुन्ह्यांना नेहमीचा कायदा पुरतो.

प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे, म्हणजे स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळाकडे, जाईल. तिथे वकील उभा करण्याचा हक्क नाही, पण मदतीला एखादा मित्र किंवा नातेवाईक घेता येतो. तशी लेखी मागणी करा.

मंडळाची वाट बघत मात्र बसू नका. सिव्हिल लाईन्सला उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे, तिथे स्थानबद्धतेविरुद्ध याचिका करता येते. फीची चिंता असेल तर ऐका : कोठडीत असलेल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन लावा, किंवा जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात थेट जा.

उद्या मुलाखतीला गेलात की भावाला आधी विचारा, कागद हातात दिले त्या दिवशी तारीख घालून सही घेतली होती का आणि कारणं कोणी समजावून सांगितली का. तो सांगेल ते बाहेर येताच, विसरण्याआधी लिहून ठेवा.