वाचकांचे प्रश्न : जाझ पियानो आणि नाटक

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : मी हौशी नाटकांना की-बोर्डवर पार्श्वसंगीत देतो. क्लबमध्ये जाझ वाजवणारे साय कोलमन जन्मभर नाटकांचे संगीतकार कसे राहू शकले? त्यांच्याकडून आम्ही काय घ्यावे?

उत्तर : कोलमन १९२९ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मले. सहा ते नऊ या वयात त्यांनी कार्नेगी हॉलसारख्या सभागृहांत शास्त्रीय पियानो वाजवला. तरुणपणी पियानो, बास आणि ड्रम असे जाझचे त्रिकूट बांधले. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, त्यांचे पहिले संगीतक, 'वाइल्डकॅट', १९६० साली आले. त्यानंतर १९६६ मध्ये 'स्वीट चॅरिटी', १९७८ मध्ये 'ऑन द ट्वेंटिएथ सेंचुरी', १९८० मध्ये 'बार्नम', १९८९ मध्ये 'सिटी ऑफ एंजल्स' आणि १९९७ मध्ये 'द लाइफ'. २००४ साली ते गेले तेव्हा संगीतरचनेची तीन टोनी (ब्रॉडवेची मानाची) पारितोषिके त्यांच्या नावावर होती.

ही नावे मुद्दाम ओळीने दिली, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. 'ट्वेंटिएथ सेंचुरी'चा बाज ऑपेरेटाचा, म्हणजे हलक्याफुलक्या ऑपेराचा, 'बार्नम'चा सर्कशीचा आणि 'एंजल्स'चा अस्सल जाझचा. जाझ येते म्हणून त्यांनी तो प्रत्येक नाटकावर लादला नाही. जाझने त्यांना तयार हात दिला: गायकाची पट्टी ऐन वेळी बदलणे, दोन ओळींमधली जागा भरणे, प्रस्तावना चार मात्रांनी लांबवणे. नाटकाला नेमके हेच लागते. (हा रस्ता त्यांच्याही आधीचा आहे. पियानोवादक यूबी ब्लेक यांनी गायक-गीतकार नोबल सिसल यांच्याबरोबर 'शफल अलाँग' १९२१ सालीच रंगमंचावर आणले होते.)

तुम्ही एवढे करा. आठ मात्रांची एक साधी चाल घ्या आणि रोज दोन, अशा बाराही पट्ट्यांत ती बसवा. आपल्याकडचा पेटीवादक काळी दोनवरून पांढरी पाचवर सहज जातो, तुम्हालाही ते जमेल. की-बोर्डच्या पट्टी आपोआप बदलणाऱ्या ट्रान्सपोज बटणावर विसंबू नका. पहिल्या अंकात बदललेली पट्टी तशीच राहते आणि दुसऱ्या अंकात नट एका सुरात, वाद्य दुसऱ्याच सुरात, असा प्रकार होतो.

प्रश्न (महाल) : नट दर प्रयोगात वेगळा थांबतो. रेकॉर्ड केलेला तुकडा कधी आधीच संपतो, कधी संवादावर चढतो. थेट वाजवले तर शब्द ऐकू येत नाहीत, अशी तक्रार. उपाय?

उत्तर : इथे दोन वेगळे दोष आहेत.

पहिला लांबीचा. यावर ब्रॉडवेच्या वादकांचा उपाय म्हणजे व्हॅम्प, म्हणजे इशारा मिळेपर्यंत फिरत राहणारा छोटा तुकडा. कथकला लेहरा धरतात, तसाच. तो दोन बारचाच (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) ठेवा. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो. आठ बारचा तुकडा फिरवलात तर इशाऱ्यानंतर वीस सेकंदांपर्यंत अडकाल, दोन बारचा असेल तर फार तर पाच.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरही निवडून घ्या. पहिल्या बारला डी मायनर सेव्हन, दुसऱ्याला जी सेव्हन, आणि पुन्हा पहिल्यावर. नट बोलायचा असताना सी मेजरवर उतरू नका. सीवर आलात की कानाला प्रसंग मिटल्यासारखा वाटतो, एखादी टाळीही पडते आणि पुढचे वाक्य मरते. सी राखून ठेवा, बाहेर पडतानाच वाजवा.

इशारा म्हणून नटाचे शेवटचे तीन शब्द वहीत लिहा आणि त्याच्याच शेजारी दिसणारी एक हालचाल लिहा: पत्र घडी करतो, दिवा मालवतो. शब्द गाळला गेला तरी हालचाल हाती राहते. रंगीत तालमीत नटाला मुद्दाम एकदा लवकर आणि एकदा फार उशिरा बोलायला सांगा. व्हॅम्प टिकतो की नाही, ते तिथेच कळेल.

दुसरा दोष शब्द बुडण्याचा. आवाज कमी करून तो पुरता सुटत नाही. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झ (सेकंदाला तितकी कंपने), स्त्रीचा १६५ ते २५५. मधला सी, म्हणजे पियानोच्या मधोमधचा सी, साधारण २६२ हर्ट्‌झचा. म्हणजे मधल्या सीच्या खालच्या सप्तकात भरगच्च कॉर्ड धरलात की तुम्ही नटाच्याच जागेवर बसता. संवाद चालू असताना डाव्या हाताने खाली एकच सूर धरा. उजव्या हाताने मधल्या सीच्या एक सप्तक वर एखाद-दोन सूर, तेही वाक्य संपल्यावर. मधल्या सप्तकातले सूर नट गप्प असतानाच वाजवा. सूर लांबवणारे सस्टेन पेडल दर कॉर्डला सोडा, नाहीतर सूर साचत जातात. व्यंजने साधारण दोन ते चार हजार हर्ट्‌झमध्ये कळतात, म्हणून चकचकीत पियानोऐवजी मऊ टोन निवडा.

शेवटी तारांचे. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने किंवा जास्तच मागे पडतो आणि हात अडखळतो. की-बोर्डची साधी तार पाच मीटरपुढे नेऊ नका. लांब न्यायची तर डीआय बॉक्स (लांब तारेतली गुणगुण टाळणारी छोटी पेटी) लावा. लाइटच्या डिमरच्याच सॉकेटमधून वीज घेतली की गुणगुण येते. सभागृहात पोचल्याबरोबर लाइटवाल्याशी बोलून वेगळी लाइन मागा.

प्रश्न (सदर) : घरी जुना उभा पियानो आहे. उन्हाळ्यात बेसूर, पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. खोलीत कूलर आहे.

उत्तर : पियानोला हवेत चाळीस ते पंचावन्न टक्के दमटपणा मानवतो. नागपूरचा मे महिना त्याच्या फार खाली आणि ऑगस्ट बराच वर. कोरड्या हवेत आतली लाकडी ध्वनिपाटी आकसते, तारांचा ताण उतरतो आणि सूर पडतो. ओल्या हवेत लाकूड आणि नमदा फुगतात, म्हणून पट्ट्या अडकतात. कूलर दिवसा ओली हवा फेकतो, रात्री बंद होतो, आणि हा रोजचा चढउतार कोरडेपणापेक्षा जास्त जाचक आहे. पियानो कूलरच्या झोतात आणि खिडकीलगत ठेवू नका, आतल्या भिंतीला ठेवा. खोलीत साधा आर्द्रतामापक टांगा. ट्यूनिंग मेमध्ये करून घेतलेत तर जूनच्या पहिल्या पावसात फुकट जाईल. एकदा ऑगस्टमध्ये हवा स्थिरावल्यावर आणि एकदा नोव्हेंबरमध्ये करा. सूर फार उतरला असेल तर ट्यूनर एका बैठकीत ए स्वराच्या प्रमाण ४४० हर्ट्‌झपर्यंत ओढणार नाही, जुन्या तारा तुटतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन बैठका ठरवा.