'अवरक्त'मध्ये रक्त आलं कुठून?

प्रश्न असा आलाय की ट्यूनेबल (म्हणजे तरंगलांबी हवी तशी सरकवता येणारा) इन्फ्रारेड लेझर वापरून मिथेनची गळती पडद्यावर बघतात, तर त्याला 'समस्वरणीय अवरक्त लेझर' म्हणायचं का आणि यात रक्ताचा काय संबंध.

आधी एक विनंती, त्या यंत्राला 'उष्णता दाखवणारा कॅमेरा' म्हणणं बंद करा, ऐकून ऐकून कान किटले. गळणारा मिथेन बाजूच्या हवेइतकाच गार असला तरी चालतं, कारण लेझरची तरंगलांबी ३.३ मायक्रोमीटरच्या आसपास नेऊन ठेवतात, तिथे मिथेन प्रकाश भरपूर शोषतो. मग तो किरण मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि मध्ये जिथे गॅस असेल तिथून कमी परततो, पडद्यावर काळपट ढग दिसतो. सावली आहे ती, ताप नाही.

'अव' म्हणजे खाली हे शाळेतच झालंय. फक्त खाली आहे ती वारंवारता, तरंगलांबी उलट जास्त असते, आणि तरी 'लालहून कमी लांबीचे किरण' असं बिनदिक्कत छापतात!

खरी मजा 'रक्त'मध्ये. संस्कृत धातू रञ्ज्, म्हणजे रंगणे. त्याला क्त प्रत्यय लागला की रक्त, म्हणजे रंगलेलं, अंगातलं रक्त हा त्यातूनच निघालेला अर्थ. याच धातूचे रंग, रंजन, अनुरक्त, विरक्त (ज्याचा रंग उडालाय असा!), रांगोळीसुद्धा रंगावलीतून आलेली, आणि आपल्याला येतो तो राग नि गवई गातो तो रागही इथलाच. म्हणजे 'अवरक्त' हा शब्द रागाचा सख्खा भाऊ निघाला. त्यात हे किरण १८०० साली शोधले खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने, लोलकाच्या लाल पट्ट्यापलीकडे थर्मामीटर ठेवून, आणि हा माणूस मुळात संगीतकार, इंग्लंडातल्या बाथ गावात ऑर्गन वाजवायचा. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

आता असं असताना 'समस्वरणीय' कशाला? परिभाषावाल्यांनी कधी तंबोरा हातात घेतलाय का? समस्वर म्हणजे सगळे एका सुरात, इथे तर सूर सरकवता येणं हीच करामत आहे. जुना कार्बन डायऑक्साइड लेझर बाजाच्या पेटीसारखा, साधारण ९ ते ११ मायक्रोमीटरमध्ये ठरलेल्या पट्ट्या, मधलं काही वाजत नाही. वीज उपकेंद्रातला सल्फर हेक्साफ्लोराइड वायू नशिबाने १०.५५च्या आसपास शोषतो म्हणून तो त्या लेझरने दिसायचा, मिथेनच्या जोरकस पट्ट्या त्या भागात नाहीतच, त्यामुळे तो सुटायचा. १९९४ला बेल लॅब्जमध्ये क्वांटम कॅस्केड लेझर (अर्धवाहकाचा छोटा लेझर) झाला, त्याचं तापमान किंवा करंट बदला नाहीतर बाहेरची जाळी (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारी ग्रेटिंग) फिरवा, तरंगलांबी मींड घेतल्यासारखी सरकते (एकच लेझर सगळीकडे जात नाही, तरी पेटीपेक्षा बरंच). मग ४.६ मायक्रोमीटरला कार्बन मोनॉक्साइड, ५.३ला नायट्रिक ऑक्साइड, ज्याचा त्याचा सूर गाठायचा.

गवई तंबोरा 'जुळवतात', म्हणून माझ्या मते 'जुळवता अवरक्त लेझर'. समस्वरणीयवाल्यांनी तो शब्द एका दमात तीनदा म्हणून दाखवावा, मग बोलू.