आयसोमेट्रिक व्यायामाने ताकद वाढते, पण कोणत्या कोनात?

वजने न उचलता, न हलणाऱ्या वस्तूला रेटा देऊन किंवा एकाच स्थितीत ताण धरून, म्हणजे आयसोमेट्रिक व्यायामाने, तितकीच ताकद कमावता येईल का, असे आपण विचारले आहे. ताकद निश्चित वाढते. मात्र सांध्याच्या ज्या कोनात ती कमावली, मुख्यतः त्याच्या आसपासच ती उपयोगी पडते, आणि माझ्या मते आपला निर्णय यावरच ठरायला हवा.

कोपर काटकोनात ठेवून पक्का बसवलेला बार सर्व शक्तीनिशी ओढण्याचा सराव केला, तर त्या कोनाच्या अलीकडे-पलीकडे साधारण १५ ते २० अंशांपर्यंत चांगला फायदा दिसतो. हात जवळजवळ सरळ असताना तो बराच ओसरलेला असतो. स्नायू ताणलेला असताना केलेल्या सरावाचा लाभ अधिक कोनांत मिळतो, म्हणून भिंतीला पाठ टेकून बसण्याचा व्यायाम करताना गुडघे निरोगी असतील तर मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जावे.

१९५३ मध्ये हेटिंगर आणि म्यूलर या जर्मन संशोधकांनी दिवसातून एकदा ६ सेकंदांचा ताण दिल्यास आठवड्याला सुमारे ५ टक्के ताकद वाढते, असे मांडले होते. हा वेग नंतरच्या अभ्यासांत सर्वसाधारणपणे टिकला नाही, तरीही त्या आकड्याची भुरळ अजून ओसरलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

वजन उचलताना सांधा मोठ्या पल्ल्यातून फिरतो, वजन खाली आणतानाही स्नायू राबतो, आणि बारवर अडीच किलो वाढले की प्रगती स्पष्ट कळते. भिंतीला दिलेला रेटा कालच्यापेक्षा जास्त होता की कमी, हे बलमापक यंत्राशिवाय समजत नाही. म्हणूनच वजने उपलब्ध असतील तर मुख्य व्यायाम त्यांचाच ठेवावा.

आयसोमेट्रिक सरावाचे खरे मोल मला डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलून ताठ उभे राहण्याचा व्यायाम, करताना कळले. बार गुडघ्यांच्या किंचित खाली येऊन दर वेळी अडत असे. रॅकच्या (बार ठेवण्याच्या चौकटीच्या) आडव्या दांड्या नेमक्या त्याच उंचीवर लावून, रिकामा बार त्यांना खालून टेकवून, दोन सेकंदांत जोर हळूहळू वाढवत नेऊन पुढचे पाच सेकंद मी तो पूर्ण शक्तीने ओढत असे. असे चार वेळा, आठवड्यातून दोनदा. दीड महिन्यात तो अडथळा सुटला.

असा जोर लावताना श्वास कोंडून ठेवू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण शक्तीचा रेटा देऊ नये.