‘बिचारी’ हा शब्द खोड

प्रिय,

पत्र मिळालं. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ सिनेमा बघून रात्रभर झोप लागली नाही म्हणतेस, ते समजू शकते. पण तीन पानांत त्यातल्या नटीला, उषाला, तू पाच वेळा ‘बिचारी’ म्हटलंयस. मोजलेत मी!

सिनेमा पुन्हा बघ, या वेळी आवाज बंद करून. सुरुवातीचाच नाच घे. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची. कॅमेऱ्यासमोर नाचणारी उषा आणि घरी नवऱ्याशी भांडणारी उषा यांची मान, खांदे, चाल शेजारी शेजारी ठेवून बघ. मग कृष्णधवल भागात आजी छोट्या उषाला गाणं शिकवते, तिथे थांब. नवरा, प्रियकर, भांडणं हे सगळं नंतरचं. विद्या त्याआधी अंगात मुरलेली आहे.

पुढे उषा श्रीमंत काळेच्या वाड्यावर राहायला जाते, तिथे आधी रमते. मग एकदा जत्रेला जायचं म्हणते आणि कळतं की परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तुला तिथे काळेचा राग आला. मलाही येतो. पण त्या वाड्यात तिला तिचं कामही नाही. माझ्या मते खरी कोंडी ती.

आणि सिनेमा अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर बेतलेला असला, तरी उषा म्हणजे हंसा वाडकर नव्हे. बेनेगलांनी नाव बदललंय ते उगाच नाही. बाईंचं ‘सांगत्ये ऐका’ वेगळं वाच. 1959 साली ज्या सिनेमात काम केलं, त्याचंच नाव त्यांच्या आत्मकथेला दिलंय. शब्दांकन अरुण साधूंचं. दारूसकट सगळं सांगितलंय, स्वतःलाही सोडलेलं नाही. जिने स्वतःची गोष्ट अशी सांगितली, तिला आपण कोण बिचारी म्हणणार? मिळाला तर 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ही बघ, म्हणजे पडद्यावरच्या बाई भेटतील.

हे मला कुणी शिकवलं सांगू? तुझ्या वयाची असताना एका अभिनेत्रीवर मृत्युलेख लिहिला होता. दोन कॉलम नवरा आणि दारू, कामावर एक ओळ. तिचा रंगभूषाकार भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “बाई संवाद एका वाचनात पाठ करायच्या. ते कुठे लिहिलंत?” मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या पत्रात उषाच्या एकाच शॉटबद्दल लिही. हात कुठे आहेत, नजर कुठे आहे. एक पान पुरे.

तुझी,
मावशी