तबकडीचा वेग जुळवताना

रेकॉर्ड प्लेअरच्या वेगाच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी आपण तबकडी फिरवणारा रबरी पट्टा तपासावा, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात तो सैल पडून घसरतो आणि दोष मात्र बिचाऱ्या मोटरवर येतो. त्यानंतर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची स्ट्रोब चकती, म्हणजे लुकलुकत्या उजेडात वेग दाखवणारी चकती, ठेवून, सुई रेकॉर्डवर टेकलेली असतानाच, ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या निऑन दिव्याच्या उजेडात पाहावे. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त आहे, उलट सरकल्या तर कमी. एलईडीचा भरवसा धरू नये, अनेक दिवे लुकलुकतच नाहीत. अमेरिकी चकतीवर ६० हर्ट्झसाठी २१६ रेघा असतात. तिच्यावर विसंबून मी आठवडाभर रडका आवाज ऐकला. स्क्रू एका वेळी केसभरच फिरवावा.