‘मॅडम, इतकं वाचते, तरी पथ्य का टिकत नाही?’

“कळतं, पण वळत नाही.” ठाण्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. पूर्वी ते बहुधा व्यसनाबद्दल किंवा संतापाबद्दल बोलले जाई; हल्ली ते ताटाबद्दल असते. रक्तातील साखर काठावर आल्याचे नुकतेच कळलेले गृहस्थ ते म्हणतात, बाळंतपणानंतर वजन न उतरलेली तरुण आई म्हणते, मुलाचे लग्न ठरलेली वरमाईही म्हणते. या साऱ्यांमध्ये एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे ही माणसे आहाराविषयी भरपूर वाचतात. आणि प्रत्येकाने स्वतःविषयी काढलेला निष्कर्षही सारखाच असतो: “माझ्यात इच्छाशक्तीच नाही.” हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे एका ताईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या ताई ४७ वर्षांच्या. बँकेत अधिकारी, घरी नवरा, बारावीतील मुलगी आणि गुडघेदुखीमुळे फारसे बाहेर न पडणाऱ्या सासूबाई. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत त्यांचा आकडा ५.९ आला होता. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो. डॉक्टरांनी आहार आणि चालणे यांवर भर द्यायला सांगून घाबरण्याचे कारण नाही, असा धीर दिला होता. ताई मात्र घाबरल्या, आणि घाबरलेले हुशार माणूस जे करते तेच त्यांनी केले. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

पहिल्या भेटीत त्यांनी निळी प्लास्टिकची फाईल माझ्यासमोर ठेवली. तिच्यात पुरवण्यांची कात्रणे होती, छापून घेतलेले लेख होते आणि पिवळ्या शाईने अधोरेखित केलेल्या ओळी होत्या. महाराष्ट्रात आहारावर बोलणारा कोणीही माणूस ज्या पेचात सापडतो, तो सारा पेच त्या फाईलमध्ये होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात, तर ऋजुता दिवेकर यांच्यामुळे थोड्या थोड्या वेळाने थोडे खाण्याचा विचार घराघरांत पोहोचला. दोन्ही मार्गांनी समाधान पावलेली माणसे माझ्या परिचयात आहेत, आणि त्यांच्यात निवाडा करणे हे माझे काम नव्हे. अडचण अशी होती की ताई सोमवारी एका मार्गाने जात, गुरुवारी दुसऱ्या, आणि शनिवारी नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या मेथीदाण्यांच्या पाण्याने. दीड वर्षात त्यांनी सहा वेळा पथ्य सुरू केले होते आणि सहा वेळा मोडले होते. मी आहारतज्ज्ञ नाही, त्यामुळे पहिली विनंती सरळ होती: डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच आहारतज्ज्ञांकडून एक तक्ता लिहून घ्या आणि तो एकटाच जवळ ठेवा. त्यांनी ते आठवड्याभरात केले. तक्ता उत्तम होता. पंधरा दिवसांनी तोही मोडला.

तिसऱ्या भेटीत मी खाण्याविषयी विचारायचे थांबवले आणि वाचनाविषयी विचारले.

“हे सगळं तुम्ही वाचता कधी?”

“रात्री. साडेदहानंतर. सगळे झोपले की.”

“कुठे बसून?”

“बाहेर सोफ्यावर. फोनवर वाचते.”

“एका हातात फोन. दुसऱ्या हातात?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या, पुन्हा सोडवत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “डबा असतो, मॅडम. चिवड्याचा. सासूबाईंसाठी केलेला असतो. झाकण वाजू नये म्हणून मी ते आधीच काढून ठेवते.”

साखर आणि तेल यांच्या दुष्परिणामांवरचा लेख वाचत असतानाच डबा अर्धा होत असे. लेख जितका धास्ती घालणारा, तितका हात लवकर डब्यात जाई, कारण धास्तीला त्या घटकेला काहीतरी चघळायला हवे असे. हे त्यांना त्या क्षणापर्यंत दिसलेच नव्हते.

येथे डबा काढून घ्यायला सांगणे सोपे होते. घरची माणसे तेच सांगतात आणि माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ते सांगितले असते. पण अनुभवाने मला शिकवले आहे की माणसाची एखादी सवय हिसकावण्यापूर्वी तिने कोणाची जागा घेतली आहे, ते विचारावे. म्हणून मी विचारले, “हा रिपोर्ट यायच्या आधी रात्री साडेदहाला तुम्ही काय करायचात?”

त्यांचा चेहराच बदलला. “वाचायचे. म्हणजे खरं वाचायचे. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं. ग्रंथसंग्रहालयातून दर शनिवारी पुस्तक बदलून आणायचे मी, आईबरोबर लहानपणी जायचे तेव्हापासून.” १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाविषयी त्या पुढची दहा मिनिटे बोलत होत्या. तीन भेटींत त्यांचा आवाज प्रथमच मोकळा झाला होता.

“मग ते का थांबलं?”

“रिपोर्ट आल्यावर वाटलं, आता वाचायचंच तर उपयोगाचंच वाचावं.”

मी त्यांना ते वाक्य जसेच्या तसे कागदावर लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर विचारले, “यात ‘च’ किती आहेत?” त्यांनी मोजले. दोन. मग आम्ही त्यांची इतर वाक्ये आठवून त्याखाली लिहिली. ‘साखर बंदच.’ ‘रोज चाललंच पाहिजे.’ ‘भाताला हातच लावायचा नाही.’ आणि शेवटचे, ‘आता मोडलंच आहे, तर मोडलंच.’

मी ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले, तिचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास घातला. माणसाला घटनेपेक्षा त्याने स्वतःवर लादलेल्या हट्टी मागण्या अधिक छळतात, हा तिचा गाभा आहे. मराठीत ही मागणी एका अक्षरात मावते. पथ्य पाळणाऱ्याला वाटते की ‘च’ आपल्याला बळ देतो. प्रत्यक्षात जो ‘च’ सोमवारी ‘बंदच’ म्हणतो, तोच बुधवारी एका लाडवानंतर ‘मोडलंच’ म्हणतो, आणि मग उरलेला आठवडा हातचा जातो. एका लाडवाने आरोग्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतरच्या चार दिवसांत.

ताईंच्या हाती पेन दिले आणि पहिल्या वाक्यातील दोन्ही ‘च’ खोडायला सांगितले. त्यांनी खोडले आणि वाचून पाहिले: “वाचायचं तर उपयोगाचं वाचावं.” वाक्य त्यांना पुरते पटलेले दिसले नाही. त्या पेन टेकवून तशाच बसल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणे हे आमच्या कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे. काही वेळाने त्यांनी आपणहून खाली नवे वाक्य लिहिले: “उपयोगाचं वाचावं, आवडीचंही वाचावं.” आणि ‘ही’ खाली रेघ ओढली.

‘च’च्या जागी ‘ही’ ठेवावा, हे मी त्यांना शिकवले नव्हते. ते त्यांचे होते, आणि आज मी ते इतरांना सांगते तेव्हा त्यांचीच उसनवारी करते.

त्या संध्याकाळी मला जे उमगले, ते मला या अनुभवातील सर्वांत मोलाचे वाटते. त्यांच्या दिवसात सगळ्यांचा वाटा होता: बँकेचा, मुलीच्या अभ्यासाचा, सासूबाईंच्या औषधांचा. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला रात्रीचा अर्धा-पाऊण तास येई, आणि त्यात वाचनाचे सुख असे. रिपोर्टनंतर त्यांनी तोही वेळ कर्तव्याच्या खात्यात टाकला. वाचन परीक्षेचा अभ्यास झाले, त्यातली चव गेली, आणि मनाला जी चव हवी होती ती डब्यातून येऊ लागली. ‘कळतं पण वळत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला आणखी कळण्याची गरज क्वचितच असते. तो काय वाचतो आहे, कोणत्या घटकेला वाचतो आहे आणि त्या वाचनाने कोणते सुख हद्दपार केले आहे, हे आधी पाहायला हवे.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून जी घडी बसवली, ती साधी होती. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहील आणि सोफ्यावर ग्रंथसंग्रहालयातील पुस्तक येईल. आहाराविषयीचे वाचन रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पंधरा मिनिटे. तेही त्या आठवड्याच्या बाजारहाटापुरते. चिवडा बंद केला नाही. तो संध्याकाळच्या चहाबरोबर, वाटीत काढून, टेबलाशी बसून आणि समोर वाचायला काहीही न ठेवता खायचा. पहिल्याच आठवड्यात ताई आश्चर्याने म्हणाल्या, “मॅडम, चिवड्यात मीठ जास्त असतं, हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं.”

वाचनाची आवड मोडू नये, तिला कामाला लावावे, या विचाराने मी त्यांना आणखी एक वाचन सुचवले: पाकिटाच्या मागची बाजू. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, एवढे एक सूत्र माहीत असले की पुष्कळ उलगडा होतो. पुढच्या भेटीत त्यांनी डब्यासाठी नेहमी घेतल्या जाणाऱ्या ‘मल्टीग्रेन’ बिस्किटांचे रिकामे पाकीट आणले. मागे पहिले नाव मैद्याचे होते, मग खाद्यतेल आणि साखर, आणि ज्या धान्यांची चित्रे पुढच्या बाजूला ठळक होती ती यादीत पार खाली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी ज्या १७ आहारसूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतील सतरावी सूचना खाद्यपदार्थांवरील माहिती वाचून निवड करण्याविषयीच आहे. दिवसभराच्या ताटाचा सुमारे अर्धा भाग भाज्या आणि फळे यांचा असावा, असेही ती संस्था सांगते. या दोन गोष्टी दुकानात उभे राहून अमलात आणता येतात. रात्री वाचलेल्या भयकथेचे तसे करता येत नाही.

एक खबरदारी येथेच सांगणे मला आवश्यक वाटते. चोरून आणि आवरता न येण्याइतके खाणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, दिवसच्या दिवस उपाशी राहणे, वजनाच्या धास्तीने माणसांत जाणे टाळणे, यांपैकी काही होत असेल, तर वाचनाची वेळ बदलून ते सुटणार नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नये. अशा व्यक्तींना मी स्वतः पुढे पाठवते.

ताईंची खरी कसोटी गणपतीत लागली. घरी दीड दिवसाचा गणपती, आणि उकडीचे मोदक त्या स्वतः करतात. आधीच्या वर्षी दोन मोदकांनंतर ‘मोडलंच’ झाले होते आणि अनंत चतुर्दशी उलटली तरी गाडी रुळावर आली नव्हती. या वेळी त्यांनी तीन मोदक खाल्ले, तूप घालून, पंगतीत बसून. विसर्जनानंतरच्या सकाळी त्या नेहमीप्रमाणे चालून आल्या आणि दुपारी तक्त्यातले जेवण जेवल्या. पुढच्या तपासणीत आकडा ५.६ आला. त्याचे श्रेय डॉक्टरांचे, आहारतज्ज्ञांचे आणि ताईंच्या पावलांचे आहे. तक्ता टिकला तो मात्र त्या सोफ्यावर, आणि याचे मला मनापासून समाधान आहे.

शेवटच्या भेटीला ती निळी फाईल पुन्हा आली होती. आत आता एकच तक्ता होता, ग्रंथसंग्रहालयाची पावती होती, आणि त्या दिवशीचा कागद होता. ‘आवडीचंही’च्या खाली त्यांनी नवी ओळ लिहिली होती: ‘मोदकही खाल्ले, भाकरीही खाल्ली.’